चौकोनी भोकाची चिनी नाणी

प्रश्न : लाल दोऱ्यात ओवलेली, चौकोनी भोकाची चिनी नाणी जुनी आहेत की नाहीत, हे कसे ओळखावे आणि ती शुभ का मानतात?

उत्तर : अशा नाण्यांच्या दर्शनी बाजूवर बहुधा चार चिनी अक्षरे असून ती वर, खाली, उजवी, डावी या क्रमाने वाचतात, पहिल्या दोहोंत सम्राटाच्या राजवटीचे नाव, तर उरलेल्या दोहोंत ‘थोंगपाव’, म्हणजे चलनी नाणे, असा उल्लेख असतो. छिंग काळातील (१६४४–१९१२) नाण्यांच्या मागील बाजूवर बहुधा मांचू लिपीत टांकसाळीचे नाव आढळते. ही नाणी ठोकून नव्हे, तर साच्यात ओतून घडवीत व नंतर त्यांच्या कडा कानशीने घासत. त्यामुळे पुसट अक्षरे आणि वजनातील किंचित फरक संशयास्पद नसतात, उलट एका माळेतील सर्व नाणी तंतोतंत सारखी असतील, तर ती आधुनिक नक्कल असण्याची शक्यता अधिक.

नाण्याचा गोल आकार आकाशाचे व चौकोनी भोक पृथ्वीचे प्रतीक मानले जाते. शुन्‌चर, खांगशी, युंगचंग, छ्येनलुंग व च्याछिंग या पाच सम्राटांची नाणी एकत्र बांधल्यास अनिष्ट टळते, अशी लोकसमजूत आहे. मात्र राशिप्राणी, अष्टरेखाचिन्हे किंवा आशीर्वचने असलेले तुकडे मुळात चलन नसून ताईतच होत. खांगशी राजवटीच्या ‘लोहान’ नाण्यात अर्हतांच्या मूर्तींचे सोने वितळवून घातल्याची दंतकथा प्रसिद्ध असून, त्यावरील ‘शी’ अक्षरातील एक उभी रेघ गाळलेली असते.