केशोरीच्या मुलांसाठी जाताय? आधी दोन हिशेब मांडा

चर्चचा युवक संघ असो, गणेश मंडळ असो, रोटरीची शाखा असो की कॉलेजची जुनी बॅच, हिवाळा जवळ आला की कुणीतरी म्हणतंच, "यंदा कुठल्यातरी आदिवासी गावात जाऊन मुलांसाठी काहीतरी करू." परदेशातल्या मराठी घरांतूनही नातवंडांना सुट्टीत पंधरा दिवस 'सेवेला' पाठवायची चौकशी होते. गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं केशोरी अशा यादीत सहज बसतं. धानाचा आणि मिरचीचा हा मुलूख. जवळ इटियाडोह धरण, आजूबाजूला जंगल आणि गोंड वस्त्या, पलीकडे गडचिरोलीची हद्द. गोंदिया जिल्ह्याचं नाव वर्षानुवर्षं नक्षलग्रस्त जिल्ह्यांच्या यादीत राहिल्यामुळे बाहेरचा माणूस इकडे कमीच फिरकला.

जाणाऱ्यांनी घरूनच दोन रकाने आखून निघावं. पहिल्यात आपल्या जाण्या-राहण्या-खाण्याचा खर्च, दुसऱ्यात मुलांच्या पदरात प्रत्यक्ष पडणारा पैसा. बहुतेक गट हे दोन्ही एकाच बेरजेत घालतात आणि "आम्ही लाखभर रुपये खर्च केले" म्हणून सांगतात. त्या लाखातले ऐंशी-नव्वद हजार रेल्वेला, जीपवाल्याला आणि स्वयंपाकाला गेलेले असतात. त्यात वाईट काही नाही, पण तो खर्च आपल्या अनुभवाचा आहे हे मान्य करावं.

पहिला रकाना: आपलं जाणं

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस थेट गोंदियाला येते. कोल्हापूरहून पुण्यामार्गे येणारी महाराष्ट्र एक्स्प्रेसही गोंदियापर्यंत येते, रमतगमत का होईना. स्लीपरचं तिकीट एका बाजूचं साडेसहाशेच्या आसपास, थर्ड एसीचं सोळाशेच्या आसपास धरा. गोंदिया-बल्लारशा मार्गावर अर्जुनी मोरगाव स्टेशन आहे. या मार्गावरच्या पॅसेंजरचं तिकीट अगदी स्वस्त, पण गाड्या दिवसाला मोजक्या, त्यामुळे वेळ जुळली तरच हा रस्ता धरावा. पुढे एसटी. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट. नागपूरहून रस्त्याने येणाऱ्यांनी भंडारा, साकोली, नवेगावबांध, अर्जुनी या वाटेने यावं आणि चार तास हाताशी ठेवावेत. मोठा गट असेल तर एसटीच्या आगारात प्रासंगिक कराराचा दर विचारावा. खासगी मिनीबसच्या भावाशी ताडून पाहिला की निर्णय सोपा होतो.

राहण्यासाठी केशोरीत हॉटेल शोधत बसू नका. ग्रामपंचायतीचं सभागृह किंवा समाजमंदिर मिळतं का ते सरपंचांना विचारावं. गाद्या भाड्याने मिळतात, मच्छरदाण्या मात्र घरून आणाव्यात. हा हिवतापाचा पट्टा आहे आणि मच्छरदाणी इथे चैनीत मोडत नाही. गटातल्या कुणाला फरशीवर झोपणं जमणार नसेल तर त्यांची सोय नवेगावबांधला करून रोज ये-जा करावी, पण मग जीपचं भाडं दुप्पट होतं.

जेवणाचं काम गावातल्या महिला बचत गटाला द्यावं. नाश्ता, दोन जेवणं आणि चहा मिळून माणशी रोजचे ३०० रुपये धरा आणि त्यात घासाघीस करू नका. पहिल्या रकान्यातला हाच एक खर्च खात्रीने गावात राहतो. शहरातून आचारी आणणारे गट मी पाहिले आहेत. त्यांना सेवा कळली असेल, हिशेब कळलेला नाही.

पुण्याहून निघालेल्या १२ जणांच्या गटाचं, पाच दिवसांच्या मुक्कामाचं अंदाजपत्रक असं होतं. आकडे नियोजनासाठी आहेत, निघण्याआधी फोन करून पक्के करावेत.

रेल्वे, थर्ड एसी, जाऊन-येऊन: ३८,४०० रुपये
गोंदिया ते केशोरी दोन जीप, आणायला आणि सोडायला: १६,०००
गावात पाच दिवस एक गाडी: १५,०००
जेवण: १८,०००
जागा, पाणी, गाद्या, सफाई: ५,०००
प्रथमोपचार, मच्छरदाण्या, विमा: ५,०००

एकूण ९७,४००, म्हणजे माणशी ८,१०० रुपयांच्या जवळपास. स्लीपरने गेलात तर बावीस-तेवीस हजार वाचतात. रोख रक्कम बरोबर ठेवा, मोबाइलच्या रेंजवर सगळी भिस्त नको.

कधी जावं

मे महिन्यात जाऊ नका. पूर्व विदर्भाचा पारा पंचेचाळिशी गाठतो आणि शाळा बंद असतात. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात, हे मुंबई-पुण्याचे आयोजक हमखास विसरतात. पावसाळ्यात रोवणी चालते, घरातली मोठी माणसं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, असतात आणि आडवाटेचे रस्ते बेभरवशाचे होतात. दिवाळीनंतर धानाची कापणी आणि मळणी, त्याच सुमारास गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, आणि झाडीपट्टीची नाटकं. रात्रभर नाटक पाहिलेलं पोर सकाळी तुमच्या विज्ञानाच्या प्रयोगासमोर पेंगणारच, त्याला बोल लावू नये. डिसेंबर-जानेवारी त्यातल्या त्यात बरा. पण याच दिवसांत पूर्व विदर्भातल्या अनेक कुटुंबांचे जथे मिरची तोडायला तेलंगणाकडे निघतात. काही मुलं बरोबर जातात, काही आजी-आजोबांकडे राहतात. ज्यांची शाळा खरोखर तुटते ती हीच मुलं, आणि तुमच्या शिबिराच्या फोटोत ती नसतात.

दुसरा रकाना: मुलांपर्यंत काय पोचतं

पाच दिवसांत कुणी कुणाला वाचायला शिकवत नाही. पाहुणा दादा आणि ताई येतात, गाणी होतात, मुलं खूश होतात, आणि सोमवारी वर्ग जिथे होता तिथेच असतो. मग उपयोग कशाचा होतो? 'प्रथम' या संस्थेने मुंबईत आणि वडोदऱ्यात राबवलेला बालसखी उपक्रम इथे मार्गदर्शक आहे. वस्तीतल्याच शिकलेल्या तरुणी महिन्याला ५०० ते ७५० रुपये मानधनावर मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास शिकवत. अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात त्याची शास्त्रीय तपासणी केली, तेव्हा मुलांच्या गुणांत स्पष्ट वाढ दिसली. बॅनर्जी आणि दुफ्लो यांना २०१९ मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते याच धाटणीच्या कामासाठी.

आजच्या भावाने केशोरीतल्या किंवा शेजारच्या टोल्यावरच्या (वाडीवरच्या) बारावी झालेल्या मुलीला रोजच्या दोन तासांसाठी महिना ४,००० रुपये मानधन धरू. दहा महिन्यांचे ४०,००० झाले. म्हणजे वरच्या ९७,४०० रुपयांत दोन मुली शाळेचं अख्खं वर्ष शिकवतील आणि पुस्तकांना १७,४०० उरतील. त्या मुलीला झाडीबोली येते, गोंडी येत असेल तर दुधात साखर, आणि कुठलं पोर तेलंगणाहून परत आलं हे तिला त्याच संध्याकाळी कळतं. गटाने जायचंच असेल तर माझं मत सरळ आहे: जाण्यावर जेवढा खर्च कराल, किमान तेवढाच दुसऱ्या रकान्यात टाका. तेवढा जमत नसेल तर बारांऐवजी चौघांनी जावं.

थोड्या दिवसांत नीट होणारी कामंही आहेत. वाचनकोपरा त्यातला पहिला: २०० पुस्तकं सरासरी ६० रुपयांनी १२,००० आणि एक लोखंडी कपाट ९,००० धरा. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरून मराठी गोष्टी फुकट उतरवून छापता येतात. शाळेच्या नळांची, स्वच्छतागृहाच्या दारांची, विजेच्या बोर्डांची दुरुस्ती हेही चार दिवसांत होतं. मजूर गावातलेच लावा. पुण्याच्या संगणक अभियंत्याने भिंत रंगवली की ती पुढच्या वर्षी गावाला पुन्हा रंगवावी लागते.

डोळे किंवा आरोग्य तपासायचा बेत असेल तर आधी केशोरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बोला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाडीतली मुलं वर्षातून दोनदा आणि शाळेतली एकदा तपासतात. त्यांनी शोधलेल्या मुलांपैकी किती जणांचा पुढचा उपचार प्रवासखर्चाअभावी अडला, ते विचारा. गोंदियाला किंवा नागपूरला आईसह मुलाला नेऊन आणण्याचे दीड-दोन हजार रुपये नव्या शिबिराहून जास्त कामाचे ठरतात. पूर्व विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, तिथे हे आणखीच खरं. जंताच्या गोळ्या, टॉनिकं स्वतः वाटू नका. शाळेत त्या ठरलेल्या दिवशी मिळतात, दोनदा दिल्या तर जबाबदार कोण?

वस्तू नेण्याआधी मुख्याध्यापकांना विचारलंच पाहिजे. आठवीपर्यंतच्या सरकारी शाळेत पाठ्यपुस्तकं मोफत मिळतात, गणवेश मिळतो, दुपारचं जेवण मिळतं. दप्तरांचा ढीग नेणारे गट एकाच शाळेत दरवर्षी जातात आणि पुढच्या टोल्यावरची शाळा कोरडी राहते. केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळा आपली गरज स्वतः नोंदवू शकतात, ते पाहावं. जुने कपडे नेऊ नयेत. गोडधोड खाऊ घालायची हौस असेल तर शाळेच्याच पोषण आहारात तिथीभोजन म्हणून जोडून द्यावं, मुलामागे ४०-५० रुपये पुरतात.

परवानगी: पैसा लागत नाही, महिना लागतो

जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती आणि गटशिक्षणाधिकारी. या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि गावाला काय हवं ते त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. आश्रमशाळेत जायचं असेल तर देवरीच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाचं पत्र हवं. केशोरी पोलीस ठाण्यात गटाची यादी, आधारच्या प्रती आणि गाडीचा क्रमांक आधीच द्यावा. हा परिसर जंगलाचा आहे, रात्री अनोळखी गाडी फिरली की विचारपूस होतेच.

धार्मिक गटांसाठी एक गोष्ट स्पष्ट असावी. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. प्रार्थना, आरती, नाताळची नाटिका, स्तोत्रांची पुस्तिका, यातलं काहीही शाळेच्या कार्यक्रमात मिसळू नका, आणि वहीच्या गठ्ठ्यात पत्रक सरकवू नका. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात गेल्या, तेव्हा भंडारा जिल्हाही त्याच प्रांतात होता आणि आजचा गोंदिया भंडाऱ्यातच. त्यांनी तिथून शेकडो मुली आणल्या आणि पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांना आयुष्यभराचं छत दिलं. रमाबाईंच्या धर्मांतरावर वाद झाले, आजही होतात. पण पाच दिवसांत परतणाऱ्याने रमाबाईंचा दाखला देऊ नये, त्यांनी जबाबदारी घेतली होती ती जन्माची.

मुलांच्या सुरक्षेसाठी गटाने लेखी नियम करावेत. कुणीही एकट्याने एका मुलाबरोबर बंद खोलीत थांबायचं नाही, मुलांना मुक्कामाच्या जागी आणायचं नाही, पालकांच्या संमतीशिवाय चेहऱ्याचा फोटो समाजमाध्यमावर टाकायचा नाही. प्रत्येकाचा पोलीस पडताळणी दाखला आधी काढून घ्यावा. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. 'गावातच मिटवू' हा पर्याय कायद्याने ठेवलेला नाही. बालमदत क्रमांक १०९८.

परदेशातून येणाऱ्यांसाठी

अमेरिकेहून किंवा इंग्लंडहून येणाऱ्याचं विमानभाडंच लाखाच्या घरात जातं. तोच पैसा पाठवला तर काय होईल, याचं गणित वर आलंच आहे. तरीही येणार असाल तर पर्यटक व्हिसावर बिनमोबदला, जास्तीत जास्त एक महिन्याचं स्वयंसेवी काम चालतं. मिशनरी कामासाठी वेगळा व्हिसा आहे, आणि ओसीआय कार्ड असलं तरी मिशनरी कामाला विशेष परवानगी लागते. याच तालुक्यात गोठणगावजवळ १९७२ पासून नोर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे. तिथे मुक्काम करायचा तर परदेशी पारपत्रधारकांनी संरक्षित क्षेत्राच्या परवान्याची चौकशी आधी करावी.

देणगीचं गणित वेगळं. परदेशी नागरिकाने, म्हणजे ओसीआयवाल्या मामानेसुद्धा, संस्थेला दिलेला पैसा विदेशी अंशदान ठरतो आणि तो घ्यायला संस्थेकडे एफसीआरए नोंदणी हवी. भारतीय पारपत्र असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून दिलेला पैसा त्यात मोडत नाही. एफसीआरएच्या २०२० च्या दुरुस्तीनंतर विदेशी अंशदानाचा पैसा एका संस्थेने दुसरीला पुढे देता येत नाही. म्हणून 'पुण्याच्या संस्थेला पाठवतो, ती केशोरीच्या बचत गटाला देईल' हा मार्ग बंद आहे.

देशातल्या देणगीदारांनी ८०-जीची पावती मागावी. २,००० रुपयांवरची रोख देणगी सवलतीला चालत नाही, नव्या करप्रणालीत ही सवलतच नाही, आणि स्वतःच्या रेल्वे तिकिटाला ती कुठल्याच प्रणालीत नाही. मानधनाचा पैसा संस्थेच्या खात्यातून त्या मुलीच्या बँक खात्यात दरमहा जावा. वर्षाचा एकदम हातात देऊ नये, तीन महिन्यांनी बंदही करू नये. दहा महिन्यांची तरतूद झाल्याखेरीज तिला शब्द देऊ नका.

रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. मुख्याध्यापकांचं आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र त्याच्या आधी हातात असावं. जानेवारीत जायचं तर पहिला फोन दसऱ्याच्या सुमारास करा, दिवाळीच्या सुट्टीत शाळेत तो उचलायला कुणी नसतं.