दुपारची वावटळ आणि पाचटाचा विस्तव



ऊस तुटला की फडाफडांतून धूर दिसू लागतो. पाचट पेटवायचं नि मोकळं व्हायचं! पण आपला विस्तव शेजाऱ्याच्या उभ्या उसात कसा पोचतो, ते हवेच्या अंगाने समजून घेऊ.

गुऱ्हाळाची काहील आठवा. जाळ घातल्याबरोबर रस फिरत नाही. आधी तळचा रस तापतो, हलका होतो; तळात आणि वर पुरेसा फरक पडला की मगच खालचा रस वर नि वरचा खाली असा फेर धरतो. किती फरकाला फेर सुरू होतो, याचे गणित लॉर्ड रॅले यांनी १९१६ साली मांडले. आणि जाळ ओढला तरी रस लगेच थांबत नाही, हेही ध्यानात घ्या.

रानातही तेच. ऊन मुख्यतः जमिनीला तापवते, आणि जमीन हवेला. म्हणून ऊन मध्यान्हीला कडक, पण हवेची खळबळ दोन-तीन वाजता जोरात. त्यात जळून काळी पडलेली जमीन शेजारच्या पिवळ्या पाचटापेक्षा जास्त तापते. तिथली हवा उठते, भोवतालची आत धावते, धावता धावता गरगरते, झाली वावटळ. राखेतला निखारा ती बांधापलीकडे टाकते. आग विझली समजून जेवायला गेलेल्या माणसाचा घात होतो तो इथेच.

शहापूर तालुक्यातले भातसेकाठचे सापगाव पाहा. तो मुलूख भाताचा. तिथे रोपासाठी राब भाजतात. वारा जिकडे जातो त्या टोकाने पेटवला, तर आग वाऱ्याविरुद्ध हळू सरकते. पण जवळच माहुलीचा डोंगर. दिवसा उतार तापला की वारा वर चढतो, रात्री उतारावरची गार, जड हवा खाली येते. सकाळी बरोबर असलेले टोक दुपारी चुकीचे ठरू शकते.

मग पहाटे पेटवावे काय? पहाटे जमीन गार, हवेचा फेर बंद. निखारे उडत नाहीत खरे, पण धूर वर न जाता गावावर आणि रस्त्यावर बसतो. गाडीवाल्याला पुढचे दिसत नाही.

आमच्या मते उसाचे पाचट जाळूच नये. हेक्टरी ८ ते १० टन पाचट निघते. ते सरीत पसरून थोडा युरिया, सुपर फॉस्फेट आणि पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत. झाकलेली जमीन तापत नाही, ओलही टिकते. राब भाजणाऱ्यांनी मात्र भोवती पट्टा साफ करावा, पाणी भरून ठेवावे आणि राख हाताला गार लागेपर्यंत रान सोडू नये.