मत्स्यालयातील महाशिंपल्याची निगा

प्रवाळांच्या मत्स्यालयात ट्रायडॅक्ना वंशाचा महाशिंपला बाळगण्याची हौस अनेक देशांत रूढ आहे. ह्या वंशातील गिगास ही जात एक मीटरहून अधिक लांब वाढते. घरगुती मत्स्यालयात डेरासा, मॅक्सिमा, क्रोशिया व स्क्वॅमोसा ह्या जाती ठेवल्या जातात. हा प्राणी सहसा एकाएकी मरत नाही. उणीव पडली की तो हळूहळू खंगतो, आणि तिची चिन्हे आधीच दिसू लागतात. ती ओळखणे हेच संगोपनाचे मर्म होय.

निवड : मॅक्सिमा व स्क्वॅमोसा ह्या जातींना भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. लक्षद्वीपच्या प्रवाळांवरून शिंपला काढून आणणे हा गुन्हा ठरतो. जेथे हे शिंपले कायद्याने बाळगता येतात, तेथेही पैदास केंद्रातील पिल्लेच परवान्यासह घ्यावीत. पलाऊ बेटांवर डेरासाची अशी पैदास होते. पाच सेंटीमीटरांहून लहान पिल्ले नाजूक असतात. नवशिक्याने ती टाळावीत.

प्रकाश : शिंपल्याच्या प्रावारात, म्हणजे कवचाबाहेर पसरणाऱ्या रंगीत मांसल पडद्यात, सूक्ष्म शैवाल राहते. ते प्रकाशात अन्न तयार करते आणि त्यातील बराच भाग शिंपल्यास मिळतो. म्हणून पिकास ऊन, तसा ह्यास प्रखर प्रकाश लागतो. मात्र नवा शिंपला प्रथम खाली ठेवून एकदोन आठवड्यांत क्रमाने प्रकाशाजवळ न्यावा. डेरासास वाळू मानवते. मॅक्सिमा व क्रोशिया खडकावर रुजतात. एकदा धाग्यांच्या झुबक्याने चिकटलेला शिंपला कधीही ओढू नये. ओढल्यास त्याचे अंग फाटते. हलविणे भागच असल्यास धागे खडकालगत पात्याने कापावेत.

पाणी : उष्णतामान २४ ते २७ अंश सेल्सियस व विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास राखावे. कवच वाढताना पाण्यातील चुना व कार्बोनेट खर्ची पडते. म्हणून कॅल्शियम दर लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम व अल्कता ८ ते ११ जर्मन अंश आहे, याची दर आठवड्यास परीक्षा करावी. उणीव थोडी थोडी भरून काढावी. एकदम केलेला फरक सोसत नाही. बाष्पीभवनाने घटलेल्या पाण्याच्या जागी शुद्ध गोडे पाणीच घालावे, कारण वाफेबरोबर मीठ जात नाही. माशांच्या रोगावरील तांबेयुक्त औषध ह्या पाण्यात कदापि घालू नये. ते शिंपल्यास विषारी आहे. पाणी अगदी निःसत्त्वही नसावे; शैवालास अल्प नायट्रेट लागते.

शत्रू : तांदळाच्या दाण्याएवढ्या पांढऱ्या गोगलगाई रात्री प्रावाराच्या कडेशी येऊन रस शोषतात व दिवसा कवचाच्या बुडाशी लपतात. शिंपला आणताच कवच मऊ ब्रशाने घासावे आणि पुढे काही आठवडे रात्री दिव्याने तपासावे, कारण राहिलेल्या अंड्यांतून नवी पिल्ले निघतात. प्रावार कुरतडणारे एंजल व बटरफ्लाय मासे सोबत ठेवू नयेत.

आरोग्याची चिन्हे : निरोगी शिंपल्याचा प्रावार कवचाबाहेर पसरलेला असतो व हाताची सावली पडताच आक्रसतो. कवचाच्या कडेस नव्या वाढीची पांढरी रेघ दिसते. प्रावार फिका पडला, तर प्रथम प्रकाश व उष्णतामान पाहावे. रेघ दिसेनाशी झाली, तर कॅल्शियम व अल्कता तपासावी. प्रावार आत ओढलेला राहिला, तर गोगलगाई वा उपद्रवी मासे शोधावेत. पाणी आत घेण्याचे छिद्र ताणून उघडे राहणे हे संकटाचे चिन्ह होय.

सावलीस प्रतिसाद न देणारा, उघडाच राहिलेला शिंपला मृत समजून तत्काळ बाहेर काढावा. तो कुजल्यास पाणी बिघडून इतर जीवही दगावतात. रोज दिवे लावल्यानंतर दोन मिनिटे केलेली पाहणी हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.