पोटावारी चाललीस, तर ऐकून जा

बाय,

परवा रात्री तुझ्या बाबाचा फोन आला. आवाज असा की मला वाटलं, कुणी गेलं-बिलं. "आक्का, पोरगी इंजिनीअर होऊन ऑस्ट्रेलियात दुसऱ्याच्या शेतात राबायला चाललीय. पगार नाही. जेवण आणि झोपायला खोली." मी म्हटलं, "म्हणजे पोटावारी." तो गप्प झाला, मग फोनच ठेवला.

त्याला का लागलं, ते तुला कुणी सांगितलेलं नसणार. तुझे आजोबा, आमचे अण्णा, नवव्या वर्षी खोताच्या घरी पोटावारी राहिले होते. गुरं राखायची, गोठा काढायचा, पाणी भरायचं. बदल्यात दोन वेळची पेज-भाकरी आणि वर्षाला एक पंचा, एक सदरा. पुढे १९४९ च्या कायद्याने खोती गेली, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला, कूळ कायद्यात आपला तुकडा आपल्या नावावर लागला. पण अण्णांच्या मनातून तो गोठा गेला नाही. ते म्हणायचे, पोटावारीच्या पोराला कुणी उपाशी ठेवत नाही, फक्त त्याचा दिवस कधी संपतो ते ठरलेलं नसतं.

हे वाक्य तुझ्या बॅगेत सगळ्यात वर ठेव. बाकीचं मी सांगते.

आता तू म्हणशील, आत्या काय सांगणार, ती एकदाच परदेशात गेली, नणंदेकडे लंडनला बावीस दिवस, आणि तिथलं शेत पाहिलं ते आगगाडीच्या खिडकीतून. खरं आहे. पण मी मालकीण आहे. एकशेचाळीस कलमांच्या बागेत तीस वर्षं माणसं कामाला ठेवलीत. दिवाळीनंतर येऊन पावसाच्या तोंडावर परत जाणारे नेपाळी राखणदार ठेवले, आणि तुझ्यासारखी पाठीवर पिशवी घेऊन आलेली पाच-सहा गोरी पोरंही ठेवली. कामाला आलेल्या माणसाकडे मालक कसा बघतो, हे तुला तिकडे कुणी सांगणार नाही.

जेवण-खोलीच्या बदल्यात शेतावर राबायची ही तुमची वूफ नावाची रीत, तिचा जन्म १९७१ चा. स्यू कोपार्ड नावाची लंडनमधली एक सेक्रेटरी, शनिवार-रविवार गावाकडे जायला मिळावं म्हणून ससेक्समधल्या एका जैविक शेतावर काही जणांना घेऊन गेली. काम करायचं, जेवायचं, झोपायचं, सोमवारी ऑफिस. एवढंच होतं ते. त्यांच्या नावात आधी 'वर्कर्स' हा शब्द असायचा, तो पुढे काढून टाकला, कारण लोकांना आणि सरकारी खात्यांना त्यात परदेशी मजुराचा वास यायला लागला. शब्द काढला म्हणून काम गेलं नाही. न्यूझीलंडचं सरकार आजही जेवण-राहण्याच्या बदल्यात केलेल्या कामाला कामच मानतं, टुरिस्ट व्हिसावर ते चालत नाही. म्हणून देश बदललास की आधी त्या देशाचा नियम वाच, मग शेताचे फोटो बघ. आणि विमानतळावर विचारलं तर खरं काय ते सांग. 'मैत्रिणीकडे चाललेय' म्हणून सुटायला जाशील आणि फोनमधल्या मेसेजमध्ये अडकशील.

तुझा तो ऑस्ट्रेलियाचा ४६२ चा व्हिसा सोडतीत लागला, आपल्या देशाला वर्षाला १,००० जागा, त्यात तुझा नंबर. नशीबवान आहेस. पण त्यात एक खाच आहे. दुसऱ्या वर्षाचा व्हिसा हवा असेल तर ठरावीक भागांत तीन महिने, म्हणजे ते ८८ दिवस म्हणतात ते, काम केलेलं दाखवावं लागतं. ते पगाराचंच असावं लागतं. फुकट केलेलं काम त्यात धरत नाहीत. तेव्हा पगाराचं शेत वेगळं आणि पोटावारीचं शेत वेगळं, हे मनात पक्कं असू दे. एखादा म्हणाला, 'आत्ता जेवणावर रहा, तुझ्या दिवसांच्या कागदावर सही मी नंतर करतो,' की पिशवी उचलायची. पगाराच्या शेतावर पावती दर वेळी मागून घ्यायची, लाजायचं नाही. आणि पासपोर्ट कुणाच्या कपाटात ठेवायचा नाही. माझ्याकडे परदेशी पोरं यायची तेव्हा चोवीस तासांत पोलिसांकडे सी फॉर्म भरावा लागायचा. मी त्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स घ्यायची आणि मूळ त्यांच्या हातात परत द्यायची. मालकाला कागद लागतो तो एवढाच.

जायच्या आधी मालकिणीला लिहून विचार, मालकिणीलाच. काम किती वाजता सुरू, किती वाजता बंद? सर्वसाधारण रीत दिवसाला चार ते सहा तासांची आहे. आठवड्यात सुट्टी किती, सुट्टीच्या दिवशी जेवण आहे का, खोलीत एकटी की चौघी, आतून कडी आहे का, जवळचं दुकान किती किलोमीटरवर, आणि पूर्वी राहून गेलेल्या एखाद्या मुलीशी बोलता येईल का? प्रश्नांनी जो वैतागतो तो मालक नको. मला एका फ्रेंच मुलीने असे चौदा प्रश्न पाठवले होते. मी घरात म्हटलं, ही बया येण्याआधीच हिशोब मागतेय. पण माझ्याकडे टिकलेल्या सगळ्यांत तीच शहाणी निघाली. तिचं ठरलेलं होतं, आणि त्यामुळे माझंही.

परतीच्या भाड्याचे पैसे वेगळ्या खात्यात ठेव, वर कुठल्याही स्वस्त लॉजमधल्या पाच रात्रींचे. त्याला हात लावायचा नाही, कितीही सुंदर समुद्र दिसू दे. अण्णांचं घर खोताच्या वाड्यापासून दोन मैलांवर होतं. तरी ते दोन वर्षांत तीनदाच घरी आले.

पहिल्या दिवशी कामाला हात घालू नकोस. माझ्याकडे चौदा हंगाम आलेला राखणदार दर वर्षी, अगदी चौदाव्या वर्षीसुद्धा, आल्या संध्याकाळी मला म्हणायचा, "ताई, चला गडगा फिरून येऊ." बागेची सगळी हद्द फिरायची, कुठलं कलम मेलं, विहिरीचा दोर बदललाय का, कुठल्या कोपऱ्यात साप निघाला, शेजाऱ्याशी कुठे वाद आहे, सगळं विचारून घ्यायचा. मगच त्याच्या खोपीत चूल पेटायची. तूही मालकिणीला म्हण, मला हद्द दाखवा.

आता माझ्या मिरवेलींची गोष्ट ऐक, सबंध ऐक.

एक जर्मन मुलगा आला होता. गुणी पोर, पहाटे उठायचा, चहाचं भांडं स्वतः घासायचा. एके दिवशी मी त्याला आंब्यावरचं बांडगूळ दाखवलं. म्हटलं, हे झाडाच्या जिवावर जगतं, दिसलं की काप. त्याने दिवसभर बांडगुळं कापली, मी खूश. दुसऱ्या दिवशी मी खत आणायला रत्नागिरीत गेले. अकरा वाजता परत आले तर खळ्यात हिरव्या वेलींच्या मोळ्या, सुंभाने नीट बांधलेल्या, एका रांगेत. वर मिरीचे कोवळे घोस लोंबतायत. पोफळींवर चढलेल्या माझ्या अकरा मिरवेली, तीन वर्षांच्या, पन्नियूर जातीच्या. त्याने त्या झाडाच्या जिवावर जगणाऱ्या म्हणून उतरवल्या होत्या, आणि शाबासकीची वाट बघत पडवीत बसला होता.

मी बोलले नाही. माजघरात जाऊन पाणी प्यायले. बाहेर आले तेव्हा माझ्या तोंडाकडे बघून त्याला कळलं होतं. तो एवढंच म्हणाला, "आता काय करता येईल?" त्या प्रश्नावर माझा अर्धा राग उतरला. आम्ही दोघांनी त्या वेलींचे दोन-तीन डोळ्यांचे तुकडे केले, पिशव्यांत माती-शेणखत भरून लावले, सावलीत ठेवले. चाळीस पिशव्यांतल्या सतरा जगल्या. आज पोफळींवर दिसतात त्यातल्या बऱ्याच त्या सतरातल्याच.

चूक त्याची होतीच, पण निम्मी माझी. मी त्याला बांडगूळ सांगितलं, वेल सांगितली नाही. मालक नेहमी अर्धवट सांगतात, कारण त्यांना वाटतं हे सगळ्यांना माहीतच असतं. म्हणून पहिले आठ दिवस काहीही उपटण्याआधी ते हातात धर आणि विचार, हे काय? पाचदा विचारलंस तर मालकीण वैतागेल. वैतागू दे. चूक झाली तर त्याच तासाला सांग, आणि त्याच्यासारखंच विचार.

तिकडे जाऊन हापूसची टिमकी वाजवू नकोस. क्वीन्सलंडमध्ये केन्सिंग्टन प्राइड नावाचा त्यांचा आंबा आहे, बोवेनचा म्हणतात. घोड्यांचा व्यापार करणाऱ्या जहाजांबरोबर एकोणिसाव्या शतकात त्याचं बी हिंदुस्थानातून गेलं असं मानतात, म्हणजे आपलाच भाऊबंद. त्यांची काढणी मात्र बघण्यासारखी. आपण कृषी विद्यापीठाच्या नूतन झेल्याने देठासकट आंबा काढतो, मग देठ खुडून फळ उलटं ठेवून चीक निथळू देतो. तिकडच्या मोठ्या बागांत माणसं यंत्राबरोबर चालत फळ काढतात आणि ते साबणाच्या द्रावणाच्या फवाऱ्यात पडतं, चीक सालीला लागायच्या आत धुऊन निघतो. दोन्ही रीती एकाच चिकाशी भांडतायत. चीक कातडीवर उडाला तर तिकडेही तितकाच जळतो. लांब बाह्यांचा सदरा घाल.

कंपोस्टच्या ढिगाशी उभं करून कुणी तुला शिकवू लागलं तर मान खाली घालून शीक. मनात मात्र असू दे की अल्बर्ट हॉवर्ड हा इंग्रज १९२४ ते १९३१ होळकरांच्या इंदूरला बसून, आपल्या शेतकऱ्यांचं शेण-पाचोळ्याचं काम बघत बघत ते शास्त्र मांडून गेला. त्याच्या पद्धतीचं नावच इंदूर पद्धत. तिकडची पर्माकल्चर शेती १९७८ मध्ये टास्मानियातून पुस्तकरूपाने बाहेर पडली. पर्माकल्चरवाले तुला एकाखाली एक झाडांचे मजले दाखवतील. तोच खेळ आपल्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात लाखीबाग म्हणून आहे: माड, त्यावर मिरवेल, मध्ये जायफळ, दालचिनी, खाली अननस. जायच्या आधी एक सकाळ तिथे घालव. पुलाच्या पलीकडे तर आहे, आणि तू सव्वीस वर्षांत फक्त समुद्रकिनाऱ्यावर भेळ खायला गेलीस.

सापाचं नीट ऐक. आपण फुरशांच्या जिल्ह्यातले. फुरसं चावलं की आवळून काही बांधायचं नाही, चावलेला हात-पाय हलवायचा नाही, थेट दवाखाना. ऑस्ट्रेलियातले साप वेगळ्या जातीचे, तिथे उलटं सांगतात: रुंद पट्टी सबंध हातापायाला घट्ट गुंडाळायची, खपाटी लावायची, जागचं हलायचं नाही आणि ००० ला फोन. इथलं ज्ञान तिथे चालवू नकोस. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन जा. ऊन तिथलं कडक, टोपीशिवाय बाहेर पडायचं नाही. गोरेपणासाठी नव्हे गो, कातडीच्या कॅन्सरसाठी सांगतेय.

स्वयंपाकाचं दोन शब्दांत. आठ माणसांचा डाळ-भात आणि थालीपीठ एवढं आलं की कुठलंही घर तुझं. मासे मिळतील असं धरून चालू नकोस.

आणि एक आपल्या दोघींतलं. पहिल्या तीन रात्री मला रोज फोन कर. समोर कुणी ऐकत असेल, बोलता येत नसेल, तर विचार, "आत्या, म्हैस व्याली का?" माझ्याकडे म्हैस नाही हे तुला ठाऊक आहे. पुढचं मी बघेन, तिकीट, पोलीस, तुझा बाप, सगळं. हा प्रश्न विचारायला लाज वाटली तर अण्णांचे ते दोन मैल आठव.

बाबाची काळजी करू नकोस. काल पुन्हा फोन आला होता. म्हणाला, "तिथे थंडी असते का गो आक्का? तिला स्वेटर घ्यायला हवा." मी म्हटलं, तू घे.

शनिवारी मी सामान बघायला येते. त्याआधी बुटांचे तळवे जुन्या टूथब्रशने घास, खाचाखाचांतून. आपली तांबडी माती कोरडी झाली की जांभ्यासारखी धरून बसते, पाण्यात भिजत घातल्याशिवाय सुटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या विमानतळावर बूट उलटे करून बघतात. बियाणं एक दाणासुद्धा न्यायचं नाही. आमसुलं न्यायची तर फॉर्मवर लिहायची, आणि ठेवून घेतली त्यांनी, तर हसून द्यायची. बूट दोन्ही उन्हात वाळत घाल, उलटे. मी आल्यावर बघेन.

तुझी आत्या