ऊन पाण्यांतील जंतु व आपला खताचा ढीग

खडवलीच्या बाजूचे आमचे शेतकरी बंधु वज्रेश्वरी, अकलोली व गणेशपुरी येथील ऊन पाण्याच्या कुंडांत स्नान करून येतात. पाणी अंगास चटका देणारें. तरी अशाहि पाण्यांत सूक्ष्म जंतु सुखानें नांदतात, हें थोड्यांच्याच ध्यानीं असतें.

हें घडतें कसें? प्रत्येक जीवांत विकर नांवाचीं प्रथिनें अन्न फोडण्याचें व जोडण्याचें काम करितात. अंड्याचा पांढरा भाग उकळतांच घट्ट होतो, तद्वत् सामान्य विकरें उष्णतेनें बिघडून निकामी होतात. उष्णताप्रेमी जंतूंचीं विकरें मात्र आंतून घट्ट बांधणीचीं असल्यामुळें टिकतात.

अमेरिकेंतील यलोस्टोनच्या ऊन झऱ्यांतून टॉमस ब्रॉक व हडसन फ्रीझ यांनीं मिळविलेल्या अशा एका जंतूचें वर्णन १९६९ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें विकर ९५ अंश सेंटिग्रेडची आंच वारंवार सोसतें; त्याच्याच बळावर पी. सी. आर. ही तपासणी सुलभ झाली. केळीच्या रोपांतील विषाणु ओळखण्यास, तसेंच २०२० च्या कोविड साथींत, ती उपयोगी पडली. आपल्या लोणार सरोवराचें पाणी खारें व अत्यंत अल्कधर्मी आहे. जून २०२० मध्यें तें गुलाबी झालें, तें मीठ मानवणाऱ्या जंतूंमुळें, असें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेस आढळलें. अल्क सोसणारीं विकरें कपडे धुण्याच्या पावडरींत घालतात.

आतां घरची गोष्ट. एके वर्षीं आम्हीं कच्चें शेणखत भाताच्या रोपांच्या वाफ्यांत टाकलें. रोपांपेक्षां तणच अधिक उगवलें व लावणीस रोपें विकत घ्यावीं लागलीं. चूक आमचीच.

नीट रचलेला ढीग प्रथम साधे जंतु तापवितात. ४५ अंशांपुढें उष्णताप्रेमी जंतु काम हातीं घेऊन आंच ५५ ते ६५ पर्यंत नेतात. ती कांहीं दिवस टिकल्यास तणांचें बहुतेक बीं व रोगजंतु मरतात. ७० च्या वर मात्र हे उपकारी जंतुहि मरूं लागतात.

म्हणून पेंढा, पालापाचोळा व शेण यांचे थर द्यावे. ढीग लांबी, रुंदी व उंचीस निदान तीन फूट असावा, नाहींतर आंच निघून जाते. खत मुठींत दाबल्यास हात ओला व्हावा, पाणी गळूं नये. लोखंडी कांब हातभर खोल खुपसून कांहीं वेळानें काढावी. ती हातांत धरवेनाशी झाली म्हणजे ढीग तापला असें समजावें. आंच उतरूं लागतांच बाहेरचा भाग आंत घालून ढीग उलथावा, कारण बाहेरच्या थरांतील बीं जिवंतच राहतें.

दिवाळीनंतर भात झोडून पेंढा हातीं येतो. तेव्हांच ढीग रचावा, म्हणजे मृगापूर्वीं खत तयार मिळेल.