धुऱ्यावरची विहीर

मानोऱ्याला आमच्या आणि शेजारच्या वावराच्या धुऱ्यावर एक सामाईक विहीर आहे. यीस्टचं जनुक वाचायला शिकताना ती मला सारखी आठवायची.

१. जनुक संपलं तिथे थांबू नका. माझं यीस्ट गॅलॅक्टोजवर वाढेना. गॅलॅक्टोज वापरायला लागणारं गॅल-१ हे जनुक १,५८७ अक्षरांचं. दोन्ही टोकांकडून आणि मधून एकदा, असं सगळं वाचून काढलं. एक अक्षर चुकलेलं नव्हतं. मग तीन महिने भलतीकडेच शोधत राहिलो. गॅल-१ला पाठ लावून गॅल-१० बसलेलं असतं आणि दोघांच्या मध्ये सुमारे ६७० अक्षरांची पट्टी असते. गॅल-४ हे प्रथिन त्या पट्टीवर चार जागी बसतं, तेव्हा दोन्ही जनुकं जोमाने चालू होतात. शेवटी तीच पट्टी पीसीआरने वाढवून जेलवर चालवली. माझा बँड मूळ वाणाच्या बँडपेक्षा बराच खाली उतरला. अडीचशेच्या आसपास अक्षरं गळाली होती आणि चारही जागा त्यांतच गेल्या होत्या. विहीर बुजलेली, म्हणून वावरं दोन्ही कोरडी.

२. अक्षरं वाचण्याच्या सँगर पद्धतीत सुरुवातीची तीस-चाळीस अक्षरं गिचमिड येतात. प्रायमर तेवढा मागे सरकवूनच घ्या.

३. ओळीने टी दिसू लागले की सावध व्हा. दोन जनुकांमधल्या अशा पट्ट्यांत ए-टीच्या लांब रांगा असतात. तिथे पॉलिमरेज घसरतं, पुढची शिखरं एकमेकांत मिसळतात आणि मशीन मात्र अक्षरं छापत राहतं. नुसत्या अक्षरांवर विसंबू नका. क्रोमॅटोग्राम उघडून डोळ्यांनी बघा. हिरवा ए, लाल टी, निळा सी, काळा जी. मग समोरच्या बाजूने पुन्हा वाचा.

४. यीस्टचा पूर्ण जीनोम, सुमारे १.२ कोटी अक्षरं, १९९६पासून सर्वांना खुला आहे. ताडून बघताना गॅल-१० उलट्या धाग्यावर आहे हे विसरू नका.

५. आधी वाचन, मग प्रयोग. पवईच्या आयआयटीतले प्रा. पी. जे. भट यांचं गॅल जनुकांवरचं पुस्तक २००८ साली आलं. ते मी आधी हातात घेतलं असतं, तर पहिल्याच आठवड्यात त्या पट्टीकडे वळलो असतो.

घरी हे सांगितलं तेव्हा बाबांनी विचारलं, “मंग बुजलेली इहीर पुन्हा खंदता येते काय?”

मूळ वाणाची पट्टी परत बसवली. तिसऱ्या दिवशी गॅलॅक्टोजच्या प्लेटवर मोहरीएवढे पांढरे ठिपके उठले. त्यांचा फोटो आधी मानोऱ्याला पाठवला.