काळ्या मातीतील परसबाग

पूस आणि पैनगंगा यांच्या खोऱ्यात वसलेल्या महागाव तालुक्यातील बरीचशी जमीन भारी काळी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हारसाचा काळा पाषाण झिजून ती तयार झाली, आणि कपाशी व सोयाबीन यांना मानवणारी ही माती घराभोवतालच्या बागेला मात्र सहजासहजी साथ देत नाही. तिच्यात मॉन्टमोरिलोनाइट नावाचे चिकण खनिज मोठ्या प्रमाणावर असते. पाणी मिळताच ते फुगते आणि वाळताना आकसते, म्हणूनच श्रावणात जेथे पाय घोट्यापर्यंत रुततो तेथेच वैशाखात मनगट आत जाईल एवढी भेग पडलेली दिसते. परसबागेसंबंधीच्या बहुतेक मार्गदर्शनात रोपांच्या निवडीला पहिले स्थान असते. महागावपुरते तरी ते स्थान पाण्याच्या निचऱ्याला द्यावयास हवे. प्रस्तुत लेखकाला हा क्रम दोन पावसाळे आणि सात रोपे गमावल्यानंतर उमगला, आणि इतरांच्या रोपांवर ती पाळी येऊ नये म्हणून ती हकिकत येथे नोंदविली आहे.

चूक घडली ती सर्व काही नियमाप्रमाणे करीत असताना. दोन फूट लांब, रुंद आणि खोल असे खड्डे उन्हाळ्यात खोदून तापू दिले, त्यांत शेणखत, वाळू व तांबडी माती भरली, आणि मृगाचा पाऊस होताच संत्र्याची तीन कलमे व कागदी लिंबाची दोन रोपे लावली. भुसभुशीत भरावातून पाणी झरझर खाली उतरले, परंतु खड्ड्याच्या बाजूंची आणि तळाची काळी माती फुगून घट्ट मिटलेली असल्याने ते पुढे कोठेच गेले नाही. प्रत्येक खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला हौद झाला. भाद्रपदात पाने मलूल होऊन लोंबू लागली, तेव्हा ती तहानेची खूण समजून वरून आणखी पाणी घातले गेले. तहानलेले झाड आणि बुडालेले झाड वरून पाहता सारखेच दिसते, कारण हवा न मिळालेली मुळे भोवती पाणी असूनही ते शोषू शकत नाहीत. मेलेले पहिले कलम उपटताना ते हाताला जराही विरोध न करता वर आले. मूळ चिमटीत धरताच त्याची साल ओल्या म्यानासारखी निसटली, आत दोऱ्याएवढा पांढरट तंतू तेवढा उरला, आणि खड्ड्यातून तुंबलेल्या गटारासारखा वास आला. हे मूळकुजीचे लक्षण होय. फायटोफ्थोरा या बुरशीसदृश सूक्ष्मजीवामुळे ती होते, आणि त्याच्याच प्रादुर्भावाने खोडातून डिंक ओघळू लागला की संत्रा बागायतदार त्या रोगाला डिंक्या म्हणतात. दुसऱ्या वर्षी त्याच खड्ड्यांत वाळूचे प्रमाण वाढवून आणखी दोन रोपे लावली गेली आणि तीही गेली. वाळू वाढल्याने हौद अधिक लवकर भरत होता, रिकामा होण्याची वाट मात्र तशीच बंद होती.

म्हणून रोप विकत आणण्याआधी नियोजित जागी हातभर खोल खड्डा करून तो पाण्याने भरावा, पाणी आटल्यावर पुन्हा भरावा, आणि दुसऱ्या वेळचे पाणी दिवस उलटूनही तळाशी उभे राहिल्यास तेथे खड्ड्यात लागवड करण्याचा विचार सोडून द्यावा. अशा जागी भुईच्या वर फूट-दीड फूट उंच आणि निदान एक मीटर रुंद असा मातीचा उंचवटा करून रोप त्यावर लावावे, उंचवट्यासाठी त्याच जागेची माती शेणखत मिसळून वापरावी, आणि कलमाचा जोड, म्हणजे खुंट व वरची फांदी जुळलेली जागा, मातीच्या बरीच वर राहील याची दक्षता घ्यावी. पाण्यासाठी दुहेरी आळे करावे. खोडालगतची आतली गोल वरंबी कोरडी ठेवून पाणी फक्त दोन वरंब्यांच्या मधल्या पट्ट्यात सोडण्याची ही पद्धत लिंबूवर्गीय झाडांसाठी विशेष उपयुक्त आहे. पावसाळ्यापूर्वी व नंतर खोडाला जमिनीपासून दोन-तीन फूट उंचीपर्यंत बोर्डो मलम लावावा. तो घरीही करता येतो: 100 ग्रॅम मोरचूद आणि 100 ग्रॅम चुना प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत भिजवून, एकूण 1 लिटर पाण्यात एकत्र करावा.

भाजीपाल्यासाठी गादीवाफा, म्हणजे वीतभर उंच केलेला सपाट वाफा, हाच मार्ग योग्य ठरतो. येथे वापसा ही संज्ञा समजून घेणे अगत्याचे आहे: माती मुठीत दाबली असता गोळा व्हावा पण बोटाने ढकलताच तो फुटावा, अशी ओलाव्याची स्थिती म्हणजे वापसा, आणि काळ्या मातीत ती फार थोडे दिवस टिकते. सांबार, म्हणजे विदर्भाबाहेर जिला कोथिंबीर म्हणतात ती, वापशापूर्वीच पेरली की धणे चिखलात गुदमरतात, आणि उशीर झाला की वरच्या कठीण पापुद्र्यातून अंकुर बाहेर पडत नाही. वांगी, ढेमसे, अंबाडी व दोडका ही पिके मात्र येथील हवेला सरावलेली असल्याने नवख्याने आरंभ त्यांच्यापासून करावा.

उन्हाळ्यातील संकट याच्या अगदी उलट असते. आकसणारी माती बारीक मुळे अक्षरशः तोडते, म्हणून माघ संपण्यापूर्वीच सोयाबीनचे कुटार किंवा उसाचे पाचट यांचे चार बोटे जाडीचे आच्छादन पसरावे, मात्र वाळवीच्या भयास्तव ते खोडापासून वीतभर दूर ठेवावे. पश्चिमेचे ऊन सर्वांत जाचक असल्याने वेलींचा मांडव त्याच बाजूस घालावा. मोठे वृक्ष भिंतीपासून दूर असावेत, कारण मुळांनी पायाखालची ओल ओढून घेतली की काळी माती तेथेही आकसते आणि घराला तडे जातात.

पाने पिवळी पडून शिरा तेवढ्या हिरव्या राहिल्यास ती बहुधा लोहाची कमतरता असते. चुनखडीयुक्त जमिनीत टाकलेले फेरस सल्फेट मुळांना मिळेनासे होते, म्हणून 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम या प्रमाणात ते सायंकाळी पानांवर फवारावे.

एका बाबतीत तडजोडीला जागा नाही. घरात कपाशीसाठी आणलेले कीटकनाशक असते, आणि त्यातील थोडे भाजीवर मारण्याचा मोह होतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन सुमारे वीस शेतकरी व शेतमजूर दगावले, शेकडो जण रुग्णालयात दाखल झाले. मोकळ्या शेतात ज्याने माणसे गेली ते औषध स्वयंपाकघराच्या खिडकीखाली कधीही वापरू नये. मोनोक्रोटोफॉसचा भाजीपाल्यावरील वापर तर भारतात 2005 पासूनच प्रतिबंधित आहे. लिंबाच्या पानांवरील अळ्या हाताने वेचता येतात, जास्वंदीवरील पिठ्या ढेकूण पाण्याच्या जोरदार धारेने धुऊन जातो, आणि उरलेल्यासाठी निंबोळी अर्क पुरतो. तणनाशकासाठी वापरलेला पंप परसबागेत आणूच नये. 2,4-डी या तणनाशकाच्या अंशानेही टोमॅटोची पाने वळून दोरीसारखी होतात.

पाणी तुंबणाऱ्या त्या खड्ड्यांपैकी एक खड्डा पुढे न बुजविता तसाच ठेवण्यात आला. न्हाणीचे साबण न मिसळलेले पाणी त्याच्याकडे वळवून तेथे अळू लावले असून, सतत ओली राहणारी तीच जागा त्याला मानवली आहे. संत्र्याचे नवे कलम तेथून दहा पावलांवर उंचवट्यावर उभे आहे, आणि पावसाने खचलेला तो उंचवटा दरवर्षी रोहिणी नक्षत्रात दोन पाट्या माती घालून पुन्हा पूर्ववत करावा लागतो.